फराहबाग : निजामशाहीतील पाणमहालाचा इतिहास

अहिल्यानगर, म्हणजेच पूर्वीचे अहमदनगर, या शहराच्या आग्नेयेला, सोलापूर रस्त्याकडच्या लष्करी परिसरात, वर्षातला बराच काळ कोरड्याच राहणाऱ्या एका विस्तीर्ण चौकोनी तलावाच्या मधोमध दगडचुन्याची एक दुमजली अष्टकोनी इमारत उभी आहे. तिच्या भव्य कमानी दुरूनच नजरेत भरतात. भिंतींवरचा गिलावा जागोजागी गळून आतले दगड उघडे पडले आहेत. एकेकाळी तिच्याभोवती असलेल्या राजबागेचा मात्र मागमूसही उरलेला नाही. फारसी तवारिखांत, म्हणजे दरबारी इतिहासग्रंथांत, या स्थानाचा उल्लेख ‘बाग-ए-फराहबख्श’ म्हणजे आनंददायी बाग असा येतो आणि नगरकर तिला फराहबाग किंवा फऱ्याबाग म्हणून ओळखतात. १५८३ साली पूर्ण झालेला हा महाल निजामशाही राजघराण्याची खासगी मालमत्ता होता आणि मुर्तजा निजामशहा पहिला या सुलतानाचे ते आवडते विश्रांतिस्थान होते.

या वास्तूची हकीकत बहुधा एका लहरी राजाच्या विलासाची कथा म्हणून सांगितली जाते. ती कथा खोटी नाही, परंतु तेवढ्यावर थांबल्यास इमारतीचा खरा अर्थ हाती लागत नाही. राजाला राजधानीत राहूनही राजधानीपासून दूर राहायचे होते, इराण व मध्य आशियातून आलेली स्थापत्याची एक कल्पना दख्खनच्या कारागिरांनी आत्मसात केली होती आणि कमी पावसाच्या या प्रदेशात कित्येक कोसांवरून वाहते पाणी आणण्याची विद्या शहराने साध्य केली होती. या तीन गोष्टी एकत्र आल्या तेव्हा फराहबाग उभी राहिली. त्यांपैकी पहिल्या दोन गोष्टी काळाच्या ओघात संपणे स्वाभाविकच होते. परंतु तिसरी, म्हणजे पाण्याची व्यवस्था, मोडली तेव्हा या महालाचे महालपण गेले.

बागेतून जन्मलेली राजधानी

अहमदनगरच्या इतिहासात बागेला आरंभापासूनच मोठे स्थान आहे. बहमनी राज्याच्या पडत्या काळात जुन्नरचा सुभेदार आणि पुढे निजामशाहीचा संस्थापक ठरलेला मलिक अहमद याने १४९० साली भिंगारजवळ बहमनी फौजेचा पराभव केला आणि विजयाच्या त्या जागी एक महाल बांधून भोवती बाग लावली. हीच ‘बाग निजाम’ होय. त्यानंतर चार वर्षांनी, १४९४ मध्ये, सीना नदीच्या डाव्या तीरावर त्याने नव्या राजधानीची पायाभरणी केली आणि तिला आपले नाव दिले. पुढे हुसेन निजामशहा पहिला याने १५५९ च्या सुमारास बाग निजामच्या जागी दगडी भुईकोट उभारण्यास आरंभ केला. डोंगरावर न बांधता सपाट जमिनीवर खंदक खणून बांधलेल्या किल्ल्याला भुईकोट म्हणतात आणि नगरचा भुईकोट हा त्या प्रकाराचा महाराष्ट्रातील एक उत्तम नमुना मानला जातो.

किल्ला झाला तरी राजघराण्याची बागांची आवड ओसरली नाही. शहराच्या उत्तरेला ‘हश्त बिहिश्त’ नावाची बाग होती आणि तिच्यातही हौदाच्या मध्यभागी अष्टकोनी महाल बांधलेला होता. गोरखनाथाच्या डोंगररांगेत मांजरसुंब्याच्या गडावर राजांसाठी थंड हवेचे महाल व पाण्याचे हौद होते. सरदारांनीही शहराच्या परिसरात आपापले वाडे, मशिदी आणि मळे वसवले. दरबार किल्ल्यात भरावा, व्यापार पेठेत चालावा आणि राजाने उन्हाळ्याचे दिवस तटाबाहेरच्या बागवाड्यात काढावेत, अशी या राजधानीची घडी होती. फराहबाग ही या मालिकेतली सर्वांत मोठी आणि बहुतांशी टिकून राहिलेली कडी होय.

विरक्त सुलतान आणि त्याचे कारभारी

ज्याच्या काळात फराहबाग पूर्ण झाली तो मुर्तजा निजामशहा १५६५ साली गादीवर आला. त्याच वर्षी त्याचा पिता हुसेन निजामशहा याने इतर दख्खनी सुलतानांच्या सोबतीने तालिकोटच्या लढाईत विजयनगरचा पराभव केला होता आणि त्यानंतर थोड्याच महिन्यांत त्याचा मृत्यू झाला. मुर्तजा लहान असल्यामुळे आरंभीची काही वर्षे त्याची आई खानजादा हुमायून हिने राज्यकारभार पाहिला. पुढे मुर्तजाने आईला कैदेत टाकून सत्ता आपल्या हाती घेतली. परंतु ती स्वतः चालवण्यात त्याला फार काळ रस राहिला नाही.

राज्याची सूत्रे चंगेझखान या कर्तबगार पेशव्याकडे गेली. निजामशाहीत ‘पेशवा’ हे मुख्य प्रधानाचे पद होते आणि मराठेशाहीतील पेशवेपदाच्या फार आधीपासून दख्खनी दरबारांत ते रूढ होते. चंगेझखानाच्या काळात, १५७४ साली, वऱ्हाडची इमादशाही जिंकून निजामशाहीला जोडण्यात आली. हा विजय मिळवून देणाऱ्या प्रधानाविषयी सुलतानाचे कान भरण्यात आले आणि त्याला विषप्रयोगाने मारण्यात आले. तो निर्दोष होता हे कळल्यावर मुर्तजाला तीव्र पश्चात्ताप झाला आणि तो अधिकाधिक एकांतात राहू लागला, असे इतिहासकार फिरिश्ता सांगतो. मुहम्मद कासीम फिरिश्ता हा स्वतः तरुणपणी अहमदनगरच्या दरबारात चाकरीला असल्याने त्याच्या या कथनाला वजन आहे. वर्षानुवर्षे प्रजेला व सरदारांना दर्शन न देणाऱ्या या सुलतानाला पुढे ‘दिवाना’ म्हणजे वेडा असे उपनाव पडले.

राजा एकांतात असताना राज्य चालवले ते सलाबतखान या मंत्र्याने. चोराचिलटांचा बंदोबस्त, रस्त्यांची सुरक्षितता, बागा, झाडे आणि जलाशय यांकडे त्याने लक्ष पुरवले म्हणून त्याच्या कारभाराची जुन्या ग्रंथांत प्रशंसा आढळते. नगरजवळच्या भातोडीच्या तलावाशीही त्याचे नाव जोडले जाते. फराहबाग आज ज्या रूपात दिसते त्याचे श्रेयही त्यालाच दिले जाते.

पाडलेला महाल आणि पुन्हा बांधलेला महाल

फराहबागेच्या बांधकामाची परंपरेने आलेली हकीकत अशी की, या जागी महाल बांधण्याचे काम आधी चंगेझखान आणि नंतर नियामतखान या अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली झाले. परंतु तयार झालेली इमारत सुलतानाच्या मनास आली नाही, म्हणून ती पाडून टाकण्याचा हुकूम सुटला आणि नव्या बांधकामाची जबाबदारी सलाबतखानाकडे आली. नापसंतीमागे प्रतिस्पर्धी सरदारांची चहाडी होती असेही सांगितले जाते. दरबारात ‘दख्खनी’ म्हणजे स्थानिक मुसलमान व हबशी सरदार आणि ‘आफाकी’ म्हणजे इराण-तुराणातून आलेले परदेशी सरदार यांच्यात सतत चढाओढ चाले, हे ध्यानात घेतले तर एखाद्या इमारतीचे भवितव्यही या चढाओढीवर ठरणे अशक्य वाटत नाही. राजाला दाखवता येईल असे मोठे बांधकाम हे त्या काळी मर्जी मिळवण्याचे साधन होते आणि तेच मर्जी गमावण्याचे निमित्तही होऊ शके.

सलाबतखानाने पूर्ण केलेला महाल १५८३ मध्ये उभा राहिला. मुर्तजा येथे येऊन दिल्लीच्या एका गायकाबरोबर बुद्धिबळ खेळत बसे, त्या गायकाला त्याने ‘फतेहशहा’ असे नाव दिले होते आणि त्याच्यासाठी बागेत ‘लकड महाल’ नावाची वेगळी वास्तू बांधली होती, ही गोष्ट नगरच्या इतिहासलेखनात वारंवार येते. राज्याचा व्याप मंत्र्यावर सोपवून पाण्याच्या मधोमध बुद्धिबळाचा पट मांडून बसलेला सुलतान हे चित्र कथाकारांना मोहवणारे आहे. पण त्यामागचे राजकारणही पाहण्यासारखे आहे. चारही बाजूंनी पाणी असलेल्या महालात कोणाला प्रवेश द्यायचा आणि कोणाला काठावरून परत पाठवायचे हे ठरवणे सोपे जाते. ज्याला आपल्या सरदारांची भीती आणि दरबाराचा वीट या दोन्ही गोष्टी एकाच वेळी वाटत होत्या, त्या राजाला अशी जागा शोभेइतकीच सोयीचीही होती.

‘हश्त बिहिश्त’ : नऊ भागांची रचना

फराहबागेचा आराखडा ज्या पद्धतीचा आहे तिला फारसीत ‘हश्त बिहिश्त’ म्हणजे आठ स्वर्ग असे म्हणतात. एका चौकोनाचे चारही कोपरे तिरके छाटले म्हणजे चार लांब आणि चार आखूड बाजूंचा असमभुज अष्टकोन तयार होतो. या अष्टकोनाच्या आत मध्यभागी एक मोठे दालन, त्याच्या चार दिशांना चार दालने आणि चार कोपऱ्यांत चार लहान खोल्या अशी नऊ भागांत विभागणी केली जाते. मधले दालन वगळता उरलेल्या आठ भागांवरून या पद्धतीला हे नाव मिळाले. तैमूरच्या वंशजांच्या काळात हेरात व समरकंद या भागांत ही पद्धत बागेतील महालांसाठी रूढ झाली आणि तेथून ती हिंदुस्थानात आली. दिल्लीची हुमायूनची कबर याच पद्धतीचा विस्तार आहे.

नगरच्या महालात मधले दालन दोन्ही मजल्यांच्या उंचीइतके मोकळे ठेवलेले असून त्यावर आतून घुमट आहे. बाहेरून मात्र घुमट डोळ्यांत भरत नाही आणि छत सपाटच वाटते. चारही मुख्य दिशांना संपूर्ण दर्शनी भाग व्यापणाऱ्या उंच कमानी आहेत. अशा तीन बाजूंनी बंद आणि एका बाजूने पूर्ण उघड्या असलेल्या कमानदार दालनाला इराणी स्थापत्यात ‘ईवान’ म्हणतात. कोपऱ्यांवरच्या आखूड बाजूंना लहान कमानी एकावर एक अशा दोन मजल्यांत बसवल्या आहेत. त्यामुळे कोणत्याही बाजूने पाहिले तरी मोठ्या कमानीला लहान कमानींची साथ मिळते आणि इमारतीचा अवजडपणा कमी झाल्यासारखा वाटतो.

बांधकामाचे साहित्य मात्र पूर्णपणे इथल्या मातीतले आहे. सह्याद्री आणि दख्खनचे पठार ज्वालामुखीच्या लाव्हारसापासून बनलेल्या काळ्या बेसाल्ट खडकाचे असल्याने दगडाला तोटा नव्हता. पण हा दगड कठीण, त्यामुळे त्याची घडाई वेळखाऊ आणि खर्चीक पडे. नगरमध्ये घडीव दगडाची कामे झालीच नाहीत असे नाही. किल्ल्याजवळची छोटीशी दमडी मशीद तिच्या बारीक कोरीवकामासाठीच प्रसिद्ध आहे. फराहबागेत मात्र दुसरा मार्ग स्वीकारला गेला. ओबडधोबड दगड चुन्यात बसवून जाड भिंती उभारायच्या, कमानी व घुमट चुन्याच्या बळावर पेलायचे आणि वरून चुन्याचाच गुळगुळीत गिलावा देऊन त्यात कमानींच्या कडा, कोनाडे व नक्षी काढायची, असे हे तंत्र होते. बैलाने फिरवायच्या दगडी चाकाच्या घाणीत चुना मळला जाई आणि चांगला मुरलेला चुना वर्षे लोटतील तसा अधिकच घट्ट होई. गिलाव्याचे कवच शाबूत आहे तोवरच आतली भिंत सुरक्षित राहते, ही या तंत्राची मर्यादा होय. एकदा गिलावा सुटला की पावसाचे पाणी सांध्यांत शिरते, त्यात झाडोरा रुजतो आणि मुळ्या दगड उकलू लागतात. आज फराहबागेची जी पडझड झालेली दिसते तिचे एक मोठे कारण हेच आहे.

महालाला वागवणारे पाणी

सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येणाऱ्या नगर परिसरात वर्षाला साधारण ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही मुख्यतः चार महिन्यांत. सीना ही लहान नदी असून उन्हाळ्यात तिचे पात्र आटते. अशा जागी लाखो लिटर पाणी मावेल एवढा तलाव बांधून तो केवळ महालाच्या शोभेसाठी आणि गारव्यासाठी भरलेला ठेवणे हे वैभवाचे प्रदर्शन होते यात शंका नाही. परंतु त्याआधी ते अभियांत्रिकीचे काम होते.

शहराच्या पूर्वेला आणि ईशान्येला डोंगर आहेत आणि जमिनीचा उतार सर्वसाधारणपणे शहराच्या दिशेने आहे. याचा फायदा घेऊन निजामशाहीत कापूरवाडी, वडगाव, शेंडी, भिंगार अशा आसपासच्या ठिकाणांहून शहराकडे आणि बागांकडे पाणी आणणाऱ्या अनेक नहरी बांधल्या गेल्या. नहर म्हणजे बहुतांशी जमिनीखालून नेलेला बंदिस्त जलमार्ग. विहिरीत, झऱ्यापाशी किंवा तलावाच्या काठाशी पाणी गोळा करायचे, तेथून ते दगडचुन्याच्या पाटातून किंवा भाजलेल्या मातीच्या खापरी नळांतून हळुवार उताराने पुढे न्यायचे, नळांचे सांधे चुन्याने बंद करायचे आणि ठराविक अंतरावर उच्छ्वास बांधायचे, अशी ही व्यवस्था असे. उच्छ्वास म्हणजे नळमार्गावरचा हवेसाठी उघडा ठेवलेला उभा बांधीव खांब. पाण्याबरोबर आलेली हवा त्यातून निघून जाते आणि नळावरचा दाब आटोक्यात राहतो. पंप नाही, इंधन नाही. सारे काम उताराच्या अचूक मोजणीवर चाले. गाळ वेळच्या वेळी काढला आणि फुटलेले नळ बदलले तर अशी नहर शतकानुशतके चालू शकते. देखभाल थांबली तर ती काही दशकांतच मुकी होते.

फराहबागेचा तलाव अशाच दुरून आणलेल्या पाण्यावर अवलंबून होता. तलावाच्या मध्यावर बांधीव जोत्यावर महाल आणि काठापासून महालापर्यंत जाण्यासाठी दगडी वाट, अशी मांडणी होती. वाऱ्याची झुळूक विस्तृत जलपृष्ठावरून येताना बाष्पीभवनामुळे थंड होत असे, उंच ईवानांतून ती मधल्या दालनात शिरत असे आणि आतली तापलेली हवा उंचावर चढून वरच्या झरोक्यांतून बाहेर पडत असे. जाड भिंती दिवसाचे ऊन सहज आत येऊ देत नसत. नगरचा पारा उन्हाळ्यात चाळिशी ओलांडतो हे लक्षात घेतले तर या महालाची प्रत्येक कमान गारव्याच्या हिशेबाने ठेवलेली आहे हे पटते. अशा पाणमहालांची आवड दख्खनच्या इतर दरबारांतही होती. विजापूरजवळ कुमटगी येथे आदिलशाहीने तलावाच्या काठी कारंज्यांसह विहारवास्तू बांधल्या, त्या याच परंपरेतल्या आहेत.

नगरमधील या जलविद्येचा एक धागा पुढे औरंगाबादेपर्यंत पोहोचतो. ज्या चंगेझखानाचे नाव फराहबागेच्या आरंभाशी जोडले जाते, त्याच्याच पदरी एक हबशी गुलाम म्हणून मलिक अंबर निजामशाहीत आला होता. पुढे हाच मलिक अंबर निजामशाहीचा तारणहार ठरला, त्याने १६१० मध्ये खडकी हे शहर, म्हणजेच पुढचे औरंगाबाद, वसवले आणि त्याला पाणी पुरवण्यासाठी प्रसिद्ध ‘नहर-ए-अंबरी’ खोदवली. नगरच्या नहरींच्या सान्निध्यात वावरलेल्या माणसाने नव्या राजधानीसाठी तीच पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली असावी, हे अनुमान म्हणूनच वाजवी ठरते. पाण्याचा उपयोग तो युद्धातही जाणत होता. १६२४ च्या भातवडीच्या (म्हणजेच भातोडीच्या) लढाईत त्याने तेथील तलावाचे पाणी सोडून शत्रूच्या छावणीचा परिसर चिखलमय करून टाकला होता.

राजाचा शेवट, कवींचे प्रस्थान

फराहबाग पूर्ण झाल्यानंतर जेमतेम पाच वर्षांनी मुर्तजाची कारकीर्द संपली. इमानाने राज्य सांभाळणारा सलाबतखान त्याच्याच हुकमाने कैदेत गेला आणि १५८८ मध्ये मुर्तजाचा पुत्र मीरान हुसेन याने पित्याला हमामखान्यात, म्हणजे गरम पाण्याच्या स्नानगृहात, कोंडून दारे-खिडक्या बंद करून खाली आग पेटवली; त्यात गुदमरून सुलतानाचा अंत झाला. मीरान हुसेनही वर्षभराच्या आत मारला गेला. त्या पाठोपाठ उसळलेल्या दंगलीत अनेक परदेशी सरदारांची कत्तल झाली आणि फिरिश्ता विजापूरला निघून गेला; निजामशाहीचाही इतिहास असलेला त्याचा प्रसिद्ध ग्रंथ तेथेच आकाराला आला.

त्यानंतर थोडाच काळ दरबाराला स्थैर्य लाभले. १५९१ मध्ये गादीवर आलेल्या बुरहान निजामशहा दुसरा याच्या आश्रयाने सय्यद अली तबातबाई याने ‘बुरहान-ए-मआसिर’ हा निजामशाहीचा इतिहास लिहिला आणि फारसी कवी जुहूरी याने आपले ‘साकीनामा’ हे दीर्घकाव्य त्याच सुलतानाला अर्पण केले. परंतु १५९५ च्या अखेरीस अकबराचा पुत्र मुराद याची फौज नगरवर चालून आली. किल्ल्याच्या बाहेर पसरलेल्या बागा वेढा घालणाऱ्या फौजेला छावणीसाठी आयत्याच सापडल्या. मोगलांनी हश्त बिहिश्त बागेत तळ दिल्याचा उल्लेख आहे. मुर्तजाची बहीण चांदबीबी हिने त्या वेढ्यात किल्ला लढवला, पण १६०० मध्ये तिची हत्या झाली आणि किल्ला मोगलांच्या हाती गेला. दरबार नगरमधून उठला, जुहूरी आणि मलिक कुम्मी यांसारखे कवी विजापूरच्या इब्राहीम आदिलशहाच्या आश्रयाला गेले. राजाच नसल्यावर राजबागेच्या नहरींची काळजी घेणार कोण, हा प्रश्न येथूनच सुरू झाला.

ताजमहालाची दंतकथा

फराहबाग पाहूनच शहाजहानला ताजमहालाची कल्पना सुचली, असे नगरमध्ये अभिमानाने सांगितले जाते. शहाजहान राजपुत्र असताना दख्खनच्या मोहिमांवर आला होता आणि १६१७ मध्ये मलिक अंबरशी झालेल्या तहानुसार नगरचा किल्ला त्याच्या ताब्यात आला होता. त्यामुळे त्याने ही वास्तू पाहिली असण्याची शक्यता नाकारता येत नाही. दोन्ही इमारती कोपरे छाटलेल्या चौकोनावर उभ्या आहेत, दोन्हींत चार दिशांना उंच ईवान आहेत, हे साम्यही खरे आहे. तथापि मोगल घराणे स्वतःच तैमूरच्या वंशातले होते आणि हीच रचना त्यांनी दिल्लीत हुमायूनच्या कबरीसाठी फराहबाग पूर्ण होण्याच्या दशकभर आधीच वापरली होती. तेव्हा नगरचा महाल हा ताजमहालाचा जनक मानण्यापेक्षा दोघेही एकाच स्थापत्यकुळातले आहेत असे म्हणणे अधिक सयुक्तिक होय. या कुळातली एक शाखा दिल्ली-आग्र्याकडे वाढली आणि दुसरी नगरमध्ये, मोगलांचे राज्य येथे येण्यापूर्वीच, स्वतंत्रपणे बहरली. यातच नगरच्या अभिमानाला पुरेसे कारण आहे.

या शाखेचा आणखी एक नमुना शहराच्या पूर्वेला शाह डोंगरावर दिसतो. ज्या वास्तूला सर्वजण ‘चांदबीबी महाल’ म्हणतात ती वस्तुतः सलाबतखानाची कबर असून चांदबीबीचा तिच्या बांधणीशी संबंध नाही. तीही अष्टकोनी आणि तीन मजल्यांची आहे; मात्र तेथे पाणी, गिलावा वा नक्षी यांचा आधार न घेता केवळ कमानींच्या ओळी आणि डोंगरमाथ्याची उंची यांवर परिणाम साधला आहे. राजासाठी सखल जागी पाण्यात अष्टकोन बांधणाऱ्या मंत्र्याची स्वतःची कबर डोंगरावरच्या अष्टकोनात असावी, हे दोन्ही वास्तू एकत्र पाहिल्याशिवाय लक्षात येत नाही.

उत्तरकाळ आणि आजची अवस्था

१६३६ मध्ये निजामशाही कायमची संपली. शहर मोगलांचे ठाणे म्हणून राहिले. दख्खनमध्ये पंचवीस वर्षे लढून थकलेला औरंगजेब १७०७ मध्ये भिंगारजवळच मरण पावला. पुढे किल्ला पेशव्यांकडे, त्यांच्याकडून दौलतराव शिंदे यांच्याकडे आणि ऑगस्ट १८०३ मध्ये जनरल वेलस्लीने जिंकल्यावर इंग्रजांकडे गेला. या सर्व सत्तांना नगरचा किल्ला हवा होता, बागवाडा कोणालाच नको होता. त्यामुळे लढायांत फराहबाग उद्ध्वस्त झाली नाही, पण कोणी ती जोपासलीही नाही. इंग्रजांनी भिंगारला छावणी वसवली आणि फराहबागेचा परिसर लष्करी हद्दीच्या निकट आला. १८८४ च्या अहमदनगर गॅझेटियरमध्ये, म्हणजे जिल्ह्याची समग्र माहिती देणाऱ्या सरकारी ग्रंथात, शहराच्या जुन्या जलमार्गांची नोंद आहे आणि त्यांपैकी काहींवर शहर तेव्हाही पाणी भरत होते. महालाच्या वाट्याला मात्र ते पाणी राहिले नाही. विसाव्या शतकात मुळा धरण झाल्यावर शहराची तहान नळयोजनेने भागू लागली आणि नहरींचे उरलेसुरले महत्त्वही गेले. रस्ते, घरे आणि शेती यांच्या खाली त्यांचे मार्ग तुटत गेले.

लष्कराच्या सान्निध्यामुळे एक लाभ झाला, तो असा की शहराच्या वाढीत या जागेवर घरे व दुकाने चढली नाहीत. जवळच १९९४ साली सुरू झालेले रणगाडा संग्रहालय देशभरातील पर्यटकांना या बाजूला आणते. ते पाहायला येणाऱ्यांपैकी काहींची पावले फराहबागेकडेही वळतात. वास्तू केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली असल्याने पडझड थोपवण्याची कामे होतात. परंतु संरक्षणाचा अर्थ भिंती सावरणे एवढाच घेतला तर तो येथे अपुरा पडतो, कारण फराहबागेच्या आराखड्यात तलाव आणि नहर ही इमारतीइतकीच महत्त्वाची अंगे आहेत. कोरड्या खड्ड्यात उभा असलेला महाल पाहणाऱ्याला त्याच्या कमानी एवढ्या उंच का, वाट एवढी अरुंद का आणि राजाने राहण्यासाठी ही जागा का निवडली, यांपैकी कशाचेही उत्तर मिळत नाही.

यासाठी फार मोठ्या खर्चाच्या योजनेची वाट पाहण्याची आवश्यकता नाही. जुन्या नहरींच्या जागा, उच्छ्वासांचे अवशेष आणि विहिरी यांची गावोगाव पाहणी करून त्यांचा एक नकाशा तयार करणे, तलावाच्या भिंती आणि काठ गाळ व झुडपे काढून मोकळे करणे, निदान पावसाळ्यात तरी आसपासचे पाणी त्यात साठेल अशी सोय करणे आणि महाल, सलाबतखानाची कबर, दमडी मशीद, हश्त बिहिश्त व भुईकोट यांची माहिती एकत्रित देणारे मराठी फलक लावणे, एवढे झाले तरी या वास्तूचा अर्थ पुन्हा उलगडू लागेल. वारंवार दुष्काळ अनुभवणाऱ्या जिल्ह्यात चारशे वर्षांपूर्वी उताराच्या बळावर पाणी कसे खेळवले जात होते हे शाळकरी मुलांना दाखवण्यासाठी फराहबागेइतकी उपयुक्त जागा दुसरी नाही. आणि ज्या नहरींनी राजाचा तलाव भरला त्याच शहरालाही पाणी देत होत्या, हे एकदा कळले की हा महाल एका विक्षिप्त सुलतानाचा न राहता साऱ्या नगरचा होतो.